मुंबईत बांधकामाची परवानगी: आधी कळस बघा, मग पाया

मी छोटा कंत्राटदार माणूस. फ्लॅटचं रिनोव्हेशन, दुकानांची कामं, सोसायट्यांची दुरुस्ती, आणि अधूनमधून एका आर्किटेक्टच्या ऑफिससाठी फायलींची पळापळ, असं सगळं मिसळून चालू असतं. त्यामुळे नातेवाइकांपासून नाक्यावरच्या वाण्यापर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, "परमिशनला किती दिवस लागतात रे?" मी दर वेळी उलट विचारतो की शेवटचा कागद कुठला हवाय तुम्हाला? मग समोरचा गप्प. कारण लोकांना वाटतं परमिशन म्हणजे एक कागद असतो, शिक्का मारलेला, तो आणला की हातोडा मारायला मोकळे. तसं नसतं. मुंबईत ही एक साखळी आहे आणि तिची शेवटची कडी कुठली ते माहीत नसेल तर मधल्या कड्या उलटसुलट जोडल्या जातात आणि मग दोन वर्षांनी कळतं की पहिल्याच महिन्यात एक रिमार्क, म्हणजे एखाद्या खात्याचा लेखी अभिप्राय, घ्यायचा राहिला होता. म्हणून आधी शेवटचा कागद बघायचा आणि तिथून उलटं मोजत यायचं.

आणि दुसरी गोष्ट, सगळा खेळ मंजूर नकाशाचा आहे. अधिकारी आला, बँकेचा माणूस आला, फ्लॅट घ्यायला गिऱ्हाईक आलं, तर प्रत्येक जण जागेवर जे दिसतं ते नकाशाशी ताडून बघतो. म्हणून कुठलंही काम असो, घरातली मोरी हलवायची असो की सात मजली बिल्डिंग पाडून बावीस मजली बांधायची असो, मंजूर नकाशाची प्रत हातात आल्याशिवाय मी मेजरमेंट टेप पण बाहेर काढत नाही. सोसायटीच्या कपाटात नकाशा असतो (निदान असायला हवा), नसेल तर आर्किटेक्टकडे विचारा, तिथेही नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकून पालिकेकडून प्रत काढा. वेळ लागतो, पण तेवढ्या वेळात टाइल्स निवडा.

पहिली पायरी: दार कुणाचं ठोठवायचं

मुंबईत राहतो म्हणजे परवानगी महापालिकेचीच, असं धरून चालू नका. इथे घोडं पेंड खातं.

साधारणपणे अर्ज बृहन्मुंबई महापालिकेकडेच जातो. नवीन बांधकाम, पुनर्विकास असलं मोठं काम बिल्डिंग प्रपोजल खात्याकडे, म्हणजे बोलीभाषेत बीपी, आणि त्याचे शहर, पूर्व उपनगर, पश्चिम उपनगर असे भाग आहेत. अस्तित्वातल्या इमारतीतली फेरफाराची, दुरुस्तीची किरकोळ कामं आणि बेकायदा बांधकामाच्या नोटिसा या वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने विभागाकडे. दादर-माहीम जी-उत्तर, वरळी-प्रभादेवी जी-दक्षिण, माटुंगा-वडाळा-सायन एफ-उत्तर, घाटकोपर एन, मुलुंड टी, असं आपापलं वॉर्डाचं अक्षर पाठ असू द्या, कारण तक्रारीपासून पाण्याच्या बिलापर्यंत तेच लागतं.

पण तुमची बिल्डिंग म्हाडाच्या वसाहतीत असेल, म्हणजे विक्रोळीचं कन्नमवार नगर, चेंबूरचं टिळक नगर, काळाचौकीचं अभ्युदय नगर वगैरे, तर २०१८ पासून त्या लेआउटसाठी नियोजन प्राधिकरण म्हाडाच आहे, नकाशे तिथेच मंजूर होतात. झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना असेल तर एसआरए. बीकेसीत असाल तर एमएमआरडीए. पोर्टच्या जमिनीवर असाल तर जमीनमालक म्हणून पोर्टची एनओसी आधी. कलेक्टरची लीज असेल तर ती वेगळीच कथा.

आणि गिरगाव, परळ, लालबागकडच्या मंडळींनी हे नीट वाचा. बेटावरच्या, म्हणजे मूळ शहरातल्या, जुन्या भाड्याच्या इमारती बहुतेक उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, सगळे सेसची बिल्डिंग म्हणतात ती. १९४० च्या सप्टेंबरआधीची ए, तिथून १९५० अखेरपर्यंतची बी, आणि नंतर ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची सी, अशा तीन कॅटेगरी. यांची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या अखत्यारीत येते, तेव्हा खोलीत काही करायचं म्हटलं तरी घरमालक आणि मंडळ दोन्हीकडे बघावं लागतं. पुनर्विकास असेल तर बहुतेक वेळा विकास नियमावलीच्या ३३(७) खाली, आणि तिथेही मंडळाची एनओसी पालिकेच्या आधी.

हद्द चुकली की तीन महिने पाण्यात, हे अनुभवाने सांगतोय. एका कामात आम्ही सगळे कागद जमवून वॉर्डात गेलो आणि टेबलावरच्या माणसाने फाइल उघडलीसुद्धा नाही, पत्ता वाचूनच म्हणाला, "अहो हा प्लॉट आमच्याकडे नाही." चूक आमचीच, प्रॉपर्टी कार्डावर स्पष्ट लिहिलेलं होतं, वाचलं कुणी नव्हतं.

फ्लॅटमधलं काम: कशाला परवानगी लागते, कशाला नाही

हा भाग मी जरा सविस्तर लिहितो कारण दहातले आठ फोन याचेच असतात.

महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३४२ आहे. त्यात टेनंटेबल रिपेअर म्हणून एक गट वेगळा काढलाय, ज्याला पालिकेची परवानगी लागत नाही. त्यात काय येतं, तर गिलावा, रंग, पॉइंटिंग, फरशी बदलणं, संडास-बाथरूम-मोरी दुरुस्त करणं, ड्रेनेजचे पाइप, नळ, प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकच्या फिटिंग बदलणं, भिंतींना किंवा स्ट्रक्चरला गनायटिंग (दाबाने सिमेंटचा थर मारणं) करणं, आणि छप्पर त्याच मटेरिअलने बदलणं. म्हणजे नेहमीचं रिनोव्हेशन जवळजवळ सगळं यात बसतं.

यात काय बसत नाही ते जास्त महत्त्वाचं. इमारतीच्या लांबी-रुंदी-उंचीत बदल, लोड घेणारी भिंत किंवा कॉलम-बीम काढणं किंवा बदलणं, जोतं किंवा फ्लोअर खाली घेणं, पोटमाळा किंवा लॉफ्ट नवीन टाकणं किंवा वाढवणं, आणि उतरतं छप्पर सपाट करणं किंवा वेगळ्या मटेरिअलचं करणं. यातलं एक जरी असेल तर आर्किटेक्ट किंवा लायसन्स्ड सर्व्हेअर नेमून रीतसर परवानगी. "अहो पण ही भिंत चार इंचीच आहे," असं लोक म्हणतात. असेल. पण जुन्या लोड बेअरिंग बिल्डिंगमध्ये कुठली भिंत वरचा भार घेतेय ते मी आणि तुम्ही ठोकून सांगू शकत नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी पत्र घ्या. त्याची फी एका सोफ्याच्या किमतीपेक्षा कमीच असते.

बाल्कनी आत घेणं हा मुंबईकरांचा राष्ट्रीय छंद. मंजूर नकाशात बाल्कनी म्हणून दाखवलेली जागा हॉलमध्ये मिसळली, स्लायडिंग काढलं, फ्लोअर एक लेव्हल केली, की ते नकाशात बसत नाही. बाजूच्या दहा जणांनी केलंय हे कारण पालिकेत चालत नाही, आणि विकताना गिऱ्हाइकाच्या बँकेचा व्हॅल्युअर तेवढंच बरोब्बर पकडतो. फ्लॉवर बेड, डक्टमधली जागा, लिफ्टसमोरचा पॅसेज, हे पण तसंच.

आणि संडास-बाथरूमची जागा बदलू नका हो. फिटिंग बदला, टाइल्स बदला, पण जागा हलवली की खालच्या माणसाच्या बेडरूमवर तुमची मोरी येते, आणि मग वॉटरप्रूफिंग कितीही चांगलं असलं तरी पहिल्या पावसाळ्यात वरखाली भांडण ठरलेलं.

पालिकेची परवानगी लागत नसली तरी सोसायटीची लागते. उपविधीप्रमाणे कमिटीला लेखी अर्ज, सोबत कामाचं स्केच, कंत्राटदाराचं नाव, कामगारांची यादी. बहुतेक सोसायट्या डिपॉझिट घेतात, कामाच्या वेळा ठरवून देतात, दुपारी ब्रेकर बंद ठेवायला सांगतात. चिडू नका, मान्य करा. सेक्रेटरींना पहिल्या दिवशी घरी बोलवून काय काय तोडणार ते दाखवलंत तर पुढचे दोन महिने सुखात जातात. माहीमच्या एका काकूंनी तर खालच्या-वरच्या दोन्ही घरांत आधीच जाऊन त्यांच्या छताचे, भिंतींचे फोटो काढून ठेवले, तारीख टाकून. नंतर खालचे म्हणाले तुमच्यामुळे तडा गेला, काकूंनी मोबाइल उघडला, तडा आधीचाच. तेव्हापासून मी प्रत्येक कामात हे करतो.

पावसाळ्यात गच्चीवर पत्रे टाकायचे असतील तर ती तात्पुरती पावसाळी शेडची परवानगी वॉर्डातून घ्या, आणि पावसाळा संपला की खरंच काढा. न काढलेली शेड मग कायमची बेकायदा ठरते.

दुकान: पोटमाळ्याची गोष्ट

परळला एका दुकानाचं काम घेतलं होतं. मालक म्हणाले, पोटमाळा आधीपासून होता, फक्त लोखंडी गर्डर बदलून द्या. मी विश्वास ठेवला, नकाशा बघितला नाही, तेव्हा नवीन होतो. चौथ्या दिवशी कुणीतरी तक्रार केली आणि पालिका कायद्याच्या कलम ३५४-ए ची नोटीस आली, काम थांबवा, २४ तासांत परवानगी दाखवा. परवानगी नव्हतीच. आधीपासून होता हे सिद्ध करायला जुनं असेसमेंटचं, म्हणजे मालमत्ता कराच्या नोंदीचं, इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट, जुनं लायसन्स, लाइटचं बिल असलं काही लागतं. बिगर निवासी बांधकाम १ एप्रिल १९६२ च्या आधीचं आणि निवासी १७ एप्रिल १९६४ च्या आधीचं असेल तर पालिका ते टॉलरेटेड, म्हणजे चालवून घेतलेलं, धरते, पण पुरावा तुम्ही द्यायचा. आमच्याकडे मालकाच्या आठवणीशिवाय काही नव्हतं. पोटमाळा उतरवला, गर्डर भंगारात, माझे पैसे अर्धे बुडाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तर दुकान घेताना किंवा भाड्याने घेताना बांधकामाच्या आधी हे बघा की मंजूर नकाशात त्या गाळ्याचा वापर काय लिहिलाय. निवासी लिहिलं असेल आणि तुम्ही क्लिनिक सोडून भलतंच काही टाकत असाल तर आधी वापर बदल, मग फर्निचर. खाण्याचा धंदा असेल तर पालिकेचं कलम ३९४ खालचं लायसन्स आणि आरोग्य खात्याची तपासणी, फायर ब्रिगेडचं बघणं, एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स, अशी रांग लागते. इथेपण उलटं मोजा. आरोग्य खात्याचा माणूस शेवटी येऊन काय बघणार, तर किचनची जागा, धुराडं, सांडपाण्याची वाट, भिंतींच्या टाइल्स, म्हणून हे सगळं आधी कागदावर काढून मग प्लंबर बोलवायचा. लोक आधी झुंबर लावतात.

गुमास्त्याचं आता सोपं झालंय. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानंतर छोट्या दुकानांना नुसती ऑनलाइन सूचना पुरते, माणसं जास्त असली तर नोंदणी. आणि पाटी मराठीत, देवनागरीत, बाकी भाषेपेक्षा अक्षर लहान नको, हे २०२२ च्या दुरुस्तीपासून छोट्या दुकानांनाही लागू आहे. बोर्ड दिव्याचा असेल तर त्याचं लायसन्स वेगळं.

अख्खी बिल्डिंग: फाइल कशी चालते

आता मोठं काम. इथे तुम्ही स्वतः अर्ज करत नाही, आर्किटेक्ट किंवा लायसन्स्ड सर्व्हेअर करतो, पालिकेच्या ऑनलाइन पोर्टलवर, नकाशा ऑटोडीसीआर नावाच्या सॉफ्टवेअरमधून नियमांशी तपासला जातो. पण मालक म्हणून, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून तुम्हाला क्रम माहीत हवा, नाहीतर बैठकीत बिल्डर "प्रोसेसमध्ये आहे" म्हणतो आणि सगळे मान डोलावतात. सोसायटीचा पुनर्विकास असेल तर त्याआधी सहकारी संस्था कायद्याच्या ७९-ए ची प्रक्रिया, ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे सभा, कोरम, किमान ५१ टक्के संमती, हे आधी पूर्ण. त्यात घाई केलेली फाइल पुढे कोर्टात अडकते.

सुरुवात जमिनीच्या कागदांपासून. शहरात सीएस नंबर, उपनगरात सीटीएस नंबर, त्याचं प्रॉपर्टी कार्ड आणि मोजणी नकाशा. कार्डावरचं क्षेत्र आणि जागेवरचं कुंपण जुळतं का ते सर्व्हे करून बघा, कारण एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) दोन्हीपैकी जे क्षेत्र कमी असेल त्यावर धरला जातो. मग डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखडा २०३४ मध्ये तुमच्या प्लॉटवर काय दाखवलंय. रस्तारुंदी जाते का, मैदानाचं आरक्षण आहे का, झोन कुठला. हे ऑनलाइन मिळतं आणि याच एका कागदावर अख्ख्या प्रोजेक्टचं गणित बसतं किंवा फसतं. रस्ता किती रुंद, त्यावर एफएसआय किती मिळणार ते ठरतं, हे लक्षात असू द्या.

मग रिमार्कांची जत्रा. रस्ते, पर्जन्य जलवाहिनी, मलनिःसारण, पाणी, उद्यान खातं, घनकचरा, पार्किंग, अग्निशमन. सगळे एकदम अर्ज करायचे, एकेक करून नाही. बाहेरच्या एनओसी कुठल्या लागतात ते जागेवर ठरतं. पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या विमानतळाच्या पट्ट्यात उंचीसाठी एअरपोर्ट ऑथॉरिटीची एनओसी, आणि तिथे उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, जमिनीपासून नाही, म्हणजे टेकाडावरचा प्लॉट असेल तर दोन मजले तिथेच गेले. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत असाल तर रेल्वेची एनओसी. खाडी-समुद्राजवळ सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीचे नियम. बोरिवली-मुलुंडला नॅशनल पार्कच्या बाजूला इको सेन्सिटिव्ह झोन. फोर्ट, मरीन ड्राइव्हकडे हेरिटेज कमिटी. झाड तोडायचं किंवा हलवायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी, आणि ही सगळ्यात जास्त वेळ खाते, म्हणून नकाशा काढतानाच झाड वाचवता येतं का बघा. कंपाउंडमधला आंबा एका बाजूला ठेवून रॅम्प वळवला तर फाइल चार महिने आधी पुढे सरकते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

हे सगळं झालं की येते आयओडी. पूर्ण नाव इन्टिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल, कलम ३४६ खाली. म्हणजे नामंजुरीची सूचना! पहिल्यांदा सोसायटीच्या आजोबांना दाखवली तर ते घाबरले, "अरे नामंजूर केलं की." नाही आजोबा, याचा अर्थ असा की खालच्या अटी पूर्ण करेपर्यंत नामंजूर, अटी पूर्ण केल्या की मंजूर. ब्रिटिशांच्या काळातली भाषा आहे, तशीच चालू आहे. आयओडीत अटींची लांबलचक यादी असते आणि प्रत्येक अटीपुढे ती केव्हा पूर्ण करायची ते असतं, सीसीच्या (काम सुरू करायच्या परवानगीच्या) आधी, पुढच्या सीसीच्या आधी, ओसीच्या (भोगवटा प्रमाणपत्राच्या) आधी. ही यादी छापून साइट ऑफिसच्या भिंतीवर लावा. खरंच लावा. मी ज्या ज्या साइटवर ही यादी लावलेली बघितली तिथे ओसी वेळेत आली.

आयओडी म्हणजे काम सुरू करायची परवानगी नव्हे. ती सीसी, कमेन्समेंट सर्टिफिकेट, १९६६ च्या एमआरटीपी कायद्याखाली. ही पण एकदम पूर्ण मिळत नाही. आधी जोत्यापर्यंत, प्लिंथ सीसी. जोतं झालं की आर्किटेक्ट कळवतो, प्लिंथ मंजूर नकाशाप्रमाणे आहे का ते तपासलं जातं, मग वरच्या मजल्यांची पुढची सीसी. सीसी एक वर्ष चालते, दर वर्षी नूतनीकरण, जास्तीत जास्त तीनदा. फ्लॅट बुक करणाऱ्यांनी बिल्डरला हेच विचारायचं, सीसी कितव्या मजल्यापर्यंतची आहे? तो हसून विषय बदलत असेल तर समजा. प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि फ्लॅटही आठपेक्षा जास्त, तर विक्रीआधी महारेराची नोंदणी पण लागते, तिथे सीसी अपलोड केलेली असते, घरबसल्या बघता येते.

पैशांचं थोडक्यात. छाननी फी, विकास शुल्क, फंजिबलचा, म्हणजे जादा एफएसआयचा, प्रीमियम (हा जादा भाग मूळ एफएसआयवर ३५ टक्क्यांपर्यंत, पुनर्वसनाच्या भागाला प्रीमियम नाही), जिन्याचा प्रीमियम, मोकळी जागा कमी पडली तर त्याचा, आणि बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार सेस. बरेच आकडे रेडी रेकनरवर, म्हणजे जागांच्या सरकारी दरपत्रकावर, बसतात, आणि रेकनर दर साधारण १ एप्रिलला बदलतात, म्हणून मार्च महिन्यात बीपीच्या कॉरिडॉरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. प्रॉपर्टी टॅक्स आणि पाणीपट्टी थकलेली असेल तर फाइल तिथेच बसते.

प्लंबर, इलेक्ट्रिशियन, लिफ्टवाला: पोटपरवाने

मोठ्या परवानगीच्या पोटात हे छोटे परवाने असतात आणि ओसी नेमकी यांच्यामुळे अडते.

पाण्याचं कनेक्शन आणि ड्रेनेज हे काम पालिकेचं लायसन्स असलेल्या प्लंबरनेच करायचं, कारण शेवटी सर्टिफिकेट त्याच्या सहीचं लागतं. तुमचा नेहमीचा प्लंबर हुशार असेल, पण लायसन्स नसेल तर त्याला लायसन्सवाल्याच्या हाताखाली घ्या. पाण्याच्या टाक्यांना डासरोधक झाकणं, कुलूप आणि चढायला शिडी, यासाठी कीटकनाशक खात्याची एनओसी. हसू नका, मुंबईत मलेरियाच्या इतिहासामुळे हे फार कडक आहे, आणि बांधकाम चालू असताना लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलं तर त्याचीही नोटीस येते.

वीज कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्टची, उपनगरात अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपला महावितरण. बांधकामाला तात्पुरता मीटर आधी घ्या. आणि मोठी बिल्डिंग असेल तर कंपनीला सबस्टेशनसाठी जागा लागते का ते नकाशा काढायच्या आधी विचारा, नंतर कळलं तर पार्किंगच्या दोन जागा जातात आणि मग कुणाच्या जायच्या यावर सोसायटीत महाभारत. वायरिंग सरकारी परवाना असलेल्या कंत्राटदाराकडून, टेस्ट रिपोर्ट तोच देतो.

लिफ्टला बसवण्याआधी परवानगी आणि चालू करण्याआधी लायसन्स, लिफ्ट इन्स्पेक्टरकडून. अग्निशमनचं दोनदा येतं, नकाशाच्या वेळी एनओसी आणि शेवटी जागेवर सगळं बसवल्याचं कम्प्लायन्स. रिफ्यूज एरिया, म्हणजे आग लागली तर थांबायची मोकळी जागा, कुणीतरी ग्रिल लावून बंद केला असेल तर अग्निशमनवाले तिथेच परत जातात. ५०० चौरस मीटरपासून पुढच्या प्लॉटला पावसाचं पाणी साठवायची व्यवस्था पण दाखवावी लागते.

राडारोड्याचं २०१६ च्या नियमांपासून गंभीर झालंय. पाडकामाआधी डेब्रिज मॅनेजमेंट प्लॅन, ठरलेल्या जागीच टाकायचं, चलनं जपायची. घरगुती कामाची चार-सहा गोणी राबिट असेल तर पालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, ती बोलवा. रात्री टेम्पोवाल्याला पाचशे रुपये देऊन खाडीत टाकून ये म्हणणाऱ्यांशी मी काम करत नाही. साइटभोवती पत्रे पण आता उंच लागतात, ऑक्टोबर २०२३ च्या धुळीच्या नियमांनंतर एक एकरापेक्षा मोठ्या प्लॉटला ३५ फूट, लहान असेल तर २५ फूट, शिवाय हिरवं कापड आणि पाण्याचे फवारे.

ओसी, आणि त्यानंतर

ओसी, भोगवटा प्रमाणपत्र, हाच तो कळस. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, साइट सुपरवायझर, प्लंबर यांची पूर्णत्वाची पत्रं, वरच्या सगळ्या अंतिम एनओसी, आणि आयओडीच्या यादीतली प्रत्येक अट टिकमार्क. पार्ट ओसी मिळते, म्हणजे काही मजले किंवा एक विंग, ती घेऊन राहायला जाता येतं, पण उरलेली कधी येणार ते बिल्डरकडून करारात तारखेसकट लिहून घ्या. ओसीशिवाय राहायला गेलात तर पाणी जास्त दराने, बँकेचं लोन अवघड, आणि बिल्डर हळूहळू फोन उचलायचा बंद होतो. मुंबईत अशा बिल्डिंगा ढीगभर आहेत, लोक तीस-तीस वर्षं राहतात आणि पुनर्विकासाच्या वेळी रडतात.

मधे कुठे फाइल अडली तर काय करायचं, तर आधी पोर्टलवर ती कुठल्या टेबलावर आहे ते बघा, मग त्या माणसालाच भेटा, आणि त्रुटी लेखी मागा. तोंडी "ते राहिलंय" यावर विश्वास ठेवू नका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे, ती संपली तर अपील करता येतं. आणि कुणी मध्यस्थ म्हणाला "सेटिंग झालंय, उद्यापासून तोडफोड चालू करा," तर त्याला एवढंच सांगा की मंजूर नकाशाची आणि पत्राची प्रत आण, मग कुलूप उघडतो. निम्मे तिथेच गळतात.

ओसी हातात आली की सोसायटीने एक लोखंडी पेटी करावी. त्यात ओसी, शेवटचा मंजूर नकाशा, सीसीच्या सगळ्या प्रती, अग्निशमनचं पत्र, लिफ्टचं लायसन्स, ड्रेनेजचा नकाशा. पाइप कुठून गेलेत तो नकाशा तर लॅमिनेट करून ठेवा. दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमनचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, परवानाधारक एजन्सीकडून भरायचा असतो, त्याच्या पावत्या तिथेच. तीस वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं, तो रिपोर्ट पण तिथेच. पेटीची एक किल्ली सेक्रेटरीकडे, एक खजिनदाराकडे, आणि सगळ्याचं स्कॅन सोसायटीच्या ईमेलवर, ज्याचा पासवर्ड एकाच माणसाला माहीत नसेल असं बघा.